जगबुडीच्या गोष्टी आणि आमची कुमारवयीन मुले

यंदाच्या व्याख्यानमालेसाठी आम्ही हा विषय कळविला, तेव्हा चिटणिसांनी आमच्याकडे जरा निरखून पाहिले. बोनस आणि महागाईभत्ता सोडून हा संघटनेचा माणूस कादंबऱ्यांवर काय बोलणार, असे त्यांस वाटले असावे. आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. इंग्रजी आम्ही शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलो आणि अजूनही एक पुस्तक वाचावयास आम्हांस दोन महिने लागतात. परंतु आमची कन्या कॉलेजातून जी पुस्तके आणी, ती चाळता चाळता आम्हांस आमच्याच जिल्ह्यातील एक रात्र पुन्हा पुन्हा आठवू लागली. म्हणून हा खटाटोप.

इंग्रजीत गेल्या पन्नासएक वर्षांत कुमारवयीन वाचकांसाठी एक निराळीच कादंबरी रुळली आहे. तिचा नायक किंवा नायिका पंधरा-सोळा वर्षांची असते, आणि जगाचा चालता कारभार एकाएकी थांबतो. रॉबर्ट ओब्रायन यांच्या १९७४ साली निघालेल्या ‘झेड फॉर झकारिया’त अणुयुद्धानंतर एका खोऱ्यात एकटी मुलगी उरली आहे, ती गाय पाळते, शेत करते, आणि एके दिवशी एक परका पुरुष तेथे येतो. टॉमी वॉलक यांच्या २०१५ सालच्या ‘वी ऑल लुक्ड अप’मध्ये एक लघुग्रह पृथ्वीवर आदळण्याचा संभव तीनांत दोन इतका आहे, आणि शाळेतील चार मुलांनी उरलेले दिवस कसे काढावयाचे हा प्रश्न आहे. सुसान बेथ फेफर यांच्या २००६ सालच्या ‘लाइफ ॲज वुई न्यू इट’मध्ये लघुग्रहाच्या धक्क्याने चंद्रच पृथ्वीजवळ सरकतो, समुद्र खवळतो, ज्वालामुखी फुटतात, राखेने सूर्य झाकतो, पीक बुडते. हे सारे सोळा वर्षांच्या मिरांडाने आपल्या रोजनिशीत लिहिले आहे.

मुलांना हे भयंकर वाचावयास का आवडते, असे पुष्कळ पालक विचारतात. आमचे उत्तर असे की, या वयात मुलाचे जग तसेही मोडतच असते. आपल्या वाशी-भूम-कळंबकडचा एखादा मुलगा दिवाळीच्या सुमारास दप्तर ठेवून आईबापांबरोबर ऊसतोडीला निघतो, तेव्हा त्याच्या पुरते काल होते ते जग आज नसते. वडील माणसे सर्व जाणतात, हा त्याचा विश्वास त्याच सुमारास उडतो. या कादंबऱ्या ते नुसते मोठ्या आकारात दाखवितात.

जगबुडीची आवई आपल्याला नवी नाही. १९६२ च्या फेब्रुवारीतील अष्टग्रहीची हकीगत आमच्या वडिलांनी आम्हांस कितीदा तरी ऐकविली. पुढे जुलै १९७९ मध्ये ‘स्कायलॅब’ कोसळणार म्हणून गावोगाव हाहाकार झाला. आम्ही तेव्हा लहान होतो. आमच्या गल्लीत एकाने सगळ्या कोंबड्या कापून खाल्ल्या, आणि मास्तरांनी शाळा भरविली म्हणून आम्ही त्यांच्यावर रुष्ट झालो. ११ जुलैला ते यान हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. कोंबड्यांचे मात्र नुकसान झाले.

मराठीत हा विषय गंभीरपणे घेतला तो डॉ. जयंत नारळीकर यांनी. त्यांच्या ‘धूमकेतू’ या कथेत पृथ्वीवर येऊ घातलेला धूमकेतू शास्त्रज्ञ अणुस्फोटाने बाजूस सारतात, आणि इकडे घरची मंडळी शांतियज्ञ करतात. संकट टळल्यावर श्रेय कोणाचे, हा त्यातला खरा चिमटा. ही कथा केंद्रीय अभ्यासक्रमाच्या आठवीच्या इंग्रजी पूरक पुस्तकात अनेक वर्षे होती, म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या मुलांनी ती वाचली. २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या एका यानाने डायमॉर्फस नावाच्या लहानशा खगोलास मुद्दाम धडक दिली आणि त्याची प्रदक्षिणा सुमारे ३२ मिनिटांनी तोकडी केली. तेव्हा ही केवळ कल्पना राहिलेली नाही. परंतु या कथेत काम करतात ती वडीलधारी माणसे, आणि मुलाने पाहत राहावयाचे असते.

आता ती रात्र. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसे दमून झोपलेली. किल्लारीचे नाव सर्वांस ठाऊक आहे. परंतु आपल्या जिल्ह्यातील, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील, सास्तूर, होळी, पेठसांगवी, राजेगाव हीही त्याच धक्क्यात गेली. कथा-कादंबऱ्यांतल्याप्रमाणे येथेही सूचना मिळाली होती. १९९२ च्या पावसाळ्यानंतर किल्लारीच्या आसपास जमीन कितीतरी वेळा हादरली होती. पण हा भाग भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक गणलेला होता.

माणसे मारली ती जमिनीने नव्हे, घरांनी. दोन-अडीच फूट रुंदीच्या भिंती, मातीत बसविलेले ओबडधोबड दगड, आणि वर माळवद. दरसाल पावसाळ्यापूर्वी गळती थांबावी म्हणून माळवदावर आणखी माती पडे, आणि छताचे ओझे वाढत जाई. उन्हाळ्यात जे घर थंडगार, तेच त्या पहाटे ढिगारा झाले. बळींची संख्या आठ हजारांच्या घरात, कोणी दहा हजारही सांगतात.

आम्ही तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे. आमच्या सोबत्यांनी वर्गणी काढली आणि तिसऱ्या दिवशी ब्लँकेटे, भाकरी आणि रॉकेल घालून एक ट्रक नेला. उमरगे तालुक्यातील एका गावाच्या तोंडाशीच लोकांनी गाडी अडविली, आणि आम्ही वरून ब्लँकेटे फेकू लागलो. अर्ध्या तासात ट्रक रिकामा. आम्हांस फार समाधान वाटले! इतक्यात एक मुलगी आली, दहावीतली असावी. तिच्या हातात शाळेची वही होती. घरवार नावे, किती गेली, किती उरली, कोणाकडे तान्हे मूल, कोणास मार लागला आहे, असे सर्व तिने लिहून काढले होते. ती म्हणाली, “दादा, आतल्या गल्लीतल्या लोकांला तर काहीच मिळालं नाही. ज्यांचे पाय धड व्हते तेच इथवर आले.” आमच्यापैकी कोणी काही बोलू शकले नाही. तिच्या घरातली किती गेली होती, ते त्याच वहीत पाचव्या की सहाव्या ओळीला होते.

दुसरा ट्रक आम्ही तिच्या यादीवर वाटला. युनियनचे काम आम्ही पुढे पुष्कळ केले, पण हजेरीपटाविना वाटप करू नये, हे शिकलो ते तेथे.

म्हणूनच फेफरबाईंच्या कादंबरीत आम्हांस एक जागा विशेष वाटली. मिरांडाची आई संकट ओळखून मुलांसह दुकानातून गाड्या भरभरून शिधा आणते; भाऊ सरपण फोडतात; मग घर दार लावून बसते. जेवणे कमी होतात, थंडी वाढते, शेजारपाजार तुटतो. कुटुंबप्रेमाचे हे चित्र हृद्य आहे. पण शेवटी ती अर्धमेली मुलगी गावात जाते, तेव्हा तिला कळते की नगर-कचेरीत माणशी शिधा वाटणे चालू आहे! लेखिकेचा रोख तोच होता की नाही, हा वाद समीक्षकांनी घालावा. आम्हांस मात्र आमचा ट्रक आठवला. तेथे दाराआड बसलेल्यांपर्यंत शिधा पोचला नाही, येथे आतल्या गल्लीपर्यंत ब्लँकेटे पोचली नाहीत. आणि आमच्याकडे निदान एक वही होती.

आमच्या वाचनालयाच्या कपाटात साहसकथा आहेत, विज्ञानकथा आहेत, ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक आहेत. त्या पहाटे ढिगाऱ्यातून बाहेर आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या तोंडून सांगितलेली कादंबरी तेथे नाही. भूकंपग्रस्त गावांतून सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास गेली. ती आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांची मुले आज मिरांडाच्या वयाची आहेत, आणि अमेरिकेतील चंद्राची गोष्ट वाचतात.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही त्या गावी गेलो होतो. गाव नव्या जागी आहे. सरळ रस्ते, एकसारखी घरे, परसात लिंबाची झाडे. ती मुलगी आता सासरी असते, पण माहेरी आलेली भेटली. वहीचे विचारले. “ती होय?” ती म्हणाली. “पत्र्याच्या शेडात पहिल्याच पावसात भिजली. मग आईनं चूल पेटवायला घेतली.” मुलगा शेजारीच बसला होता. त्याने विचारले, “कसली वही?” आणि ती त्याला सांगू लागली.