ऑस्ट्रेलियाच्या प्रवासाची तयारी

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुटींत वळसंगचें एक वृद्ध जोडपें कागदांची पिशवी घेऊन आमच्या घरीं आलें. त्यांचा मुलगा आमचा जुना विद्यार्थी; सध्यां तो मेलबर्न येथें नोकरीस आहे. सुनेचें बाळंतपण जवळ आलें होतें व आईनें त्यापूर्वीं पोहोंचावें अशी त्याची फार इच्छा होती. कागदपत्रें सारीं जमलीं होतीं. परंतु वडिलांचें नांव मुलाच्या पासपोर्टांत एका तऱ्हेनें व त्यांच्या स्वतःच्या पासपोर्टांत दुसऱ्याच तऱ्हेनें लिहिलेलें होतें. चूक कोठून आली हें पाहण्यासाठीं मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला उलगडला, तों त्यावरील हस्ताक्षर आमचेंच निघालें! इंग्रजी नांवांतील एक अक्षर आम्हीं गाळलें होतें, आणि पुढील प्रत्येक कागदानें तें इमानानें गाळलें.

प्रतिज्ञापत्र करून, दाखला दुरुस्त करून घेऊन काम मार्गीं लागलें खरें. पण आई मेलबर्नला पोहोंचली तेव्हां नातू तीन आठवड्यांचा झाला होता. तेव्हांपासून या विषयावर चार शब्द लिहावे असें आमच्या मनांत होतें.

प्रथम पासपोर्ट व व्हिसा यांतील भेद समजून घेतला पाहिजे. पासपोर्ट आपलें सरकार देतें. हा मनुष्य आमचा नागरिक आहे, एवढेंच तें सांगतें. आंत येऊं द्यावें कीं नाहीं हें दुसरें सरकार ठरवितें, आणि त्या परवानगीस व्हिसा म्हणतात. प्रौढांचा पासपोर्ट दहा वर्षें चालतो, लहान मुलांचा सामान्यतः पांच. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाचा शिक्का हल्लीं पासपोर्टावर मारीत नाहींत. तो पासपोर्टाच्या क्रमांकाशीं संगणकांत जोडलेला असतो. म्हणून मध्येंच पासपोर्ट नवा काढला तर तसें कळवावें लागतें. नातलगांस भेटावयास किंवा देश पाहावयास जाणाऱ्यांसाठीं ६०० क्रमांकाचा व्हिसा आहे. त्यावर नोकरी करतां येत नाहीं. विद्यार्थ्यांचा क्रमांक ५००; त्यांना सत्र चालू असतां पंधरवड्यांत ४८ तासांपर्यंत काम करण्याची मुभा असते. प्रवासाचा खर्च कोण करणार व प्रवासी परत येणार कशावरून, हे दोन प्रश्न त्या सरकारच्या मनांत मुख्यतः असतात. शेतकऱ्याचा सातबारा दुसऱ्या प्रश्नाचें चांगलें उत्तर आहे. मात्र मराठी कागदाबरोबर त्याचें इंग्रजी भाषांतर द्यावें लागतें.

एके काळीं हें दार आपल्यासाठीं जवळजवळ बंदच होतें. १९०१ सालच्या कायद्यानें नको असलेल्या परकीयास अधिकारी सांगेल त्या युरोपीय भाषेंत ५० शब्दांचें श्रुतलेखन करावयास लावीत. इंग्रजी येणाऱ्यास दुसरी एखादी भाषा दिली कीं तो नापास! श्रुतलेखनाचा असा उपयोग पाहून कोणाही शिक्षकास लाज वाटेल. ही परीक्षा १९५८ सालीं रद्द झाली, व गोऱ्यांपुरतें ऑस्ट्रेलिया राखण्याचें धोरण १९७३ सालीं पुरतें संपलें. तें धोरण चालू असतांनाच, १९४८ सालीं, सांगलीच्या एका ख्रिस्ती शिक्षकाचे चिरंजीव विजय हजारे यांनीं ॲडलेडच्या कसोटी सामन्यांत दोन्ही डावांत शतकें (११६ व १४५) काढलीं, हें आमच्या क्रिकेटवेड्या विद्यार्थ्यांस सांगावयास नकोच.

आतां सामानाविषयीं. आपल्या मायमाउली पिशवींत काय काय भरतात हें आम्हांस ठाऊक आहे. पेढे, बर्फी असली दुधाची मिठाई, ताजीं फळें, कढीलिंबाचीं पानें, पेरण्याजोगें बियाणें हें कांहींएक नेऊं नये. शेंगांची चटणी, मसाला, कडक भाकरी असे जिन्नस नेल्यास उतरण्यापूर्वीं मिळणाऱ्या पत्रकावर खाद्य आणल्याचें स्पष्ट लिहावें. ठेवावयाचें कीं काढून घ्यावयाचें तें अधिकारी ठरवितो. लिहून दिलेली वस्तु गेली तर वस्तूच जाते. लपविलेली सांपडली तर हजारों डॉलर दंड होऊं शकतो व व्हिसाहि रद्द होऊं शकतो. शेतांत वापरलेल्या वाहणा माती धुवून स्वच्छ करून न्याव्या.

इतका जाच कशासाठीं, असें वाटेल. परंतु ज्याच्या गोठ्यांत लाळ-खुरकूत शिरली आहे त्याला तरी हें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. १८७२ पासून हा रोग त्या देशांत नाहीं, आणि दुधाच्या पदार्थांतून तो येऊं नये म्हणून पेढ्यांवर डोळा! शिवाय ते लोक पूर्वीं चांगलेच पोळले आहेत. १८५९ सालीं शिकारीच्या हौसेखातर दोन डझन ससे सोडले, त्यांच्या प्रजेनें कुरणें फस्त केलीं. निवडुंग तर इतका माजला कीं, १९२६ पासून अर्जेंटिनांतील एका पतंगाच्या अळ्या त्यावर सोडाव्या लागल्या. त्यांनीं तो खाऊन टाकला, आणि कृतज्ञ शेतकऱ्यांनीं क्वीन्सलंडांत त्या किड्याच्या नांवानें सभागृह बांधलें. आपल्या बांधावरची बाभूळहि १८९० च्या सुमारास तिकडे गेली ती मेंढ्यांच्या सावलीसाठीं. आज तिनें लाखों हेक्टर कुरण व्यापलें आहे. येथें जिच्या लांकडाचे नांगर झाले, तिला तेथें शत्रु मानतात.

हवामान उलटें. आपल्या जून-जुलैंत मेलबर्नला कडाक्याची थंडी, व नाताळ ऐन उन्हाळ्यांत. दुपारचा सूर्य उत्तरेस दिसतो, म्हणून सावली दक्षिणेस पडते. भूगोलाच्या तासाला न पटलेली गोष्ट तेथें अंगणांत पटते. घड्याळ आपल्या पुढें साडेचार तास, उन्हाळ्यांत साडेपांच. विजेच्या प्लगचे दांडे तिरपे असतात. त्याची सोय येथूनच करावी. संकटकाळीं तीन शून्यें फिरवावीं.

राहिली भाषा. आम्हीं शाळेंत शिकवितों तें इंग्रजी तेथें बाजारांत ऐकूं येईलच असें नाहीं. शब्द अर्धा तोडून त्याला शेपूट जोडण्याची त्या लोकांना मोठी आवड. आपण पांडुरंगाचा पांडू करतों तसेंच हें. दुपार म्हणजे 'आर्व्हो', पेट्रोलपंप 'सर्व्हो', न्याहरी 'ब्रेकी', डांस 'मॉझी'. 'थॉंग्ज' म्हणजे पायांतल्या साध्या चपला. 'नो वरीज' हें आभारांचेंहि उत्तर आणि क्षमायाचनेचेंहि. 'टी'ला बोलाविलें तर पुष्कळ घरीं तें रात्रीचें जेवण असतें, म्हणून पोट भरून जाऊं नये. आणि 'ब्रिंग अ प्लेट' म्हणजे एक पदार्थ करून आणा. नवखे लोक रिकामी बशी घेऊन जातात व दारांत ओशाळतात. आमच्या वळसंगच्या आजीबाईंनीं हे शब्द देवनागरींत लिहून स्वयंपाकघरांत चिकटविले आहेत असें कळतें.

तिकडे मूल जन्मल्यावर ६० दिवसांच्या आंत नोंद करावी लागते. आजीबाई पोहोंचल्यावर दुसऱ्याच आठवड्यांत त्यांच्या मुलानें नोंदीचा भरलेला अर्ज मोबाइलवर आमच्याकडे पाठविला. खालीं लिहिलें होतें, "सर, आई म्हणते कीं, सरांनीं एकदां पाहिल्याशिवाय पाठवावयाचा नाहीं." आम्हीं चष्मा लावून आजोबांचा पासपोर्ट शेजारीं ठेवला आणि एकेक अक्षर ताडून पाहिलें.