पुलानंतरची 43 वर्षं

ब्रुकलिन पूल म्हटलं की अंथरुणाला खिळलेला इंजिनियर आणि त्याच्या सूचना कामावर पोचवणारी पत्नी आठवते. 24 मे 1883 रोजी पूल खुला झाला आणि ही गोष्ट तिथेच थांबवायची प्रथा पडली. ते इंजिनियर म्हणजे वॉशिंग्टन रोबलिंग. तेव्हा ते अवघे 45 वर्षांचे होते. पुढे ते आणखी 43 वर्षं जगले. त्यांचं खरं मोठेपण मला या उत्तरार्धात दिसतं.

पुलाची मूळ कल्पना वडिलांची, जॉन रोबलिंग यांची. 1869 मध्ये जागेची पाहणी करताना फेरीबोटीच्या धक्क्यावर त्यांचा पाय चिरडला आणि धनुर्वाताने ते गेले. सगळा भार मुलावर आला. नदीच्या तळाशी पाया खणायचा तो तळ नसलेल्या अवाढव्य लाकडी पेट्यांत, दाबाखालच्या हवेत. मजुरांबरोबर रोबलिंगही सतत खाली उतरत. त्या दाबातून झटकन वर आलेल्याचं शरीर वेदनेनं पिळवटून निघे. 1872 मध्ये ते स्वतःच कोसळले. पत्नी एमिली यांनी गणित, साखळीवक्र, पोलादाची ताकद यांचा अभ्यास केला आणि त्या साइटवर जाऊ लागल्या. 1878 मध्ये कंत्राटदाराने निकृष्ट तार खपवल्याचं उघड झालं. पुलात गेलेली तार काढणं अशक्य होतं. रोबलिंगनी हिशेब मांडला: केबल गरजेच्या सहापट मजबूत धरलेल्या आहेत, ही तार पोटात घेऊनही पाचपट ताकद उरेल. मग प्रत्येक केबलमध्ये 150 तारा जास्तीच्या घालायला लावल्या. पूल आजही उभा आहे.

निवृत्तीनंतर त्यांनी दुसरा मोठा पूल हाती घेतला नाही. मुलगा ट्रॉयला शिकत होता, तर दोघांनी बिऱ्हाड तिथेच हलवलं. मग ट्रेंटनला घर केलं. तिथे त्यांनी सोळा हजारांहून अधिक खनिजांचे नमुने जमवले. एमिली पन्नाशीत कायदा शिकल्या. 1903 मध्ये त्या गेल्या. वडिलांचं चरित्र लिहिताना रोबलिंगनी घरातली मारहाण लपवली नाही आणि वडिलांच्या अभियांत्रिकीचं श्रेयही कमी केलं नाही. ज्या मुलाने असं बालपण भोगलं, त्याने स्वतःच्या मुलाला आयुष्यभर आपुलकीची पत्रं लिहिली. मला ही गोष्ट पुलाइतकीच अवघड वाटते.

1912 मध्ये एक पुतण्या टायटॅनिकवर बुडाला. 1917 आणि 1918 मध्ये पाठोपाठ दोन भाऊ गेले. 1921 मध्ये घरची केबल कंपनी सांभाळणारा दुसरा पुतण्या अचानक वारला. तेव्हा जन्मभर दुखण्याशी झगडलेले रोबलिंग 84 व्या वर्षी अध्यक्षाच्या खुर्चीत बसले. ट्रॅमने कारखान्यात जायचे. वाफेवर चालणारी यंत्रं त्यांनी विजेवर आणली आणि हडसनवरच्या बेअर माउंटन पुलाच्या केबलचं काम मिळवलं.

21 जुलै 1926 रोजी ते गेले. खनिजांचा संग्रह मुलाने स्मिथसोनियनला दिला, त्याच्या देखभालीसाठी दीड लाख डॉलरही दिले. निवृत्त माणसाची किंमत पूर्वीच्या पदावरून करायची आपल्याला सवय आहे. रोबलिंगचं आयुष्य तिला छेद देतं. घरच्या कुणाचा आधार तुटला की त्या जागी आपण उभं राहायचं, हे त्यांनी तिशीत केलं आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षीही केलं. त्यांच्या लेखी कर्तव्याला निवृत्ती नव्हती.