गावची पट्टी, गावची सोय

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग सर्वांच्या परिचयाचे आहेत. घाटावरच्या तालुक्यांत जमिनीखाली कठीण खडक असल्यामुळे उन्हाळा लागताच विहिरी तळ गाठतात. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात विहिरीला पाणी असते, परंतु खारपाणपट्ट्यातील ते पाणी तोंडात धरवत नाही. संग्रामपूर व जळगाव जामोद या तालुक्यांत मूत्रपिंडाच्या विकाराने अनेक कुटुंबे गांजली आहेत. वान प्रकल्पाचे गोडे पाणी या दोन तालुक्यांतील 140 गावांना पुरविण्याची योजना आखावी लागली, ती याच कारणासाठी. अशा प्रदेशात गावचा नळ ही चैनीची वस्तू नव्हे. घराचे आरोग्य, गुरांचे पाणी आणि घरच्या बाईचा दिवसाचा वेळ त्यावर अवलंबून असतो. तो नळ चालू कोण ठेवतो आणि त्याचा पैसा कोठून येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एका ग्रामसभेतील प्रश्न

काही वर्षांपूर्वी 1 मेच्या ग्रामसभेस खरीप हंगामाची माहिती देण्याकरिता मी घाटाखालच्या एका गावी गेलो होतो. बियाण्याची उगवणशक्ती घरच्या घरी कशी तपासावी, हे सांगण्याची माझी तयारी होती. परंतु सभेत बियाण्याचा विषय निघण्यापूर्वीच पाण्याचा निघाला. पंप जळून बारा दिवस झाले होते. दुरुस्तीस पैसा नव्हता आणि विजेची बाकीही तुंबली होती. तेवढ्यात मागच्या बाजूने एक वयस्क शेतकरी बाई उठल्या आणि सरपंचांना म्हणाल्या, “भाऊ, मी तं दरसाल पट्टी भरतो. मंग माया नळाले पाणी काऊन नाही?”

सभा गप्प झाली. कारण प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर सभेतच बसले होते. ज्यांनी पट्टी भरली त्यांचा नळ बंद पडला, तो ज्यांनी भरली नाही त्यांच्यामुळे. त्या दिवशी बियाण्याचा विषय मागे पडला आणि दोन तास गावच्या हिशेबावर चर्चा झाली. त्या चर्चेतून जे मला उमगले, ते ग्रामसेवक बंधूंच्या व शेतकरी बांधवांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे मांडीत आहे.

अधिकार कसे आले

आपला जिल्हा पूर्वी मध्यप्रांत व वऱ्हाडात होता. तेथे 1946 साली पंचायतींचा कायदा झाला आणि 1948 पासून जनपद सभा स्थापन झाल्या. 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात आला. पुढे 1958 चा ग्रामपंचायत अधिनियम लागू झाला. आज महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम या नावाने ओळखला जातो, तो हाच. बलवंतराय मेहता समितीचा 1957 चा अहवाल व त्यानंतर वसंतराव नाईक समितीच्या शिफारशी यांच्या आधारे 1961 चा अधिनियम झाला, आणि 1 मे 1962 रोजी राज्यात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. 1993 साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनेचे पाठबळ मिळाले. पिण्याचे पाणी, रस्ते, दिवाबत्ती, स्वच्छता अशा 29 विषयांची यादी त्या दुरुस्तीबरोबर घटनेस जोडण्यात आली.

अधिकार मिळाला त्याबरोबर जबाबदारीही आली. पंचायतीला कर बसविण्याची मुभा कायद्याने दिली आहे. आकारलेला कर वसूल न करणारी पंचायत आपल्याच हाताने आपले अधिकार दुबळे करीत असते.

पैसा येतो कोठून

ग्रामनिधीत पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो. पहिली वाट गावच्या स्वतःच्या उत्पन्नाची. तीत घरपट्टी, दिवाबत्ती कर, पाणीपट्टी, आठवडी बाजाराची फी, गाळ्यांचे भाडे इत्यादी बाबी मोडतात. येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. ज्या जमिनीवर शेतसारा लागतो, तिच्यावर घरपट्टी बसत नाही. पंचायतीची घरपट्टी ही इमारती व बिगरशेती जागा यांच्यापुरतीच असते. 2015 साली नियमांत बदल होऊन ही आकारणी मालमत्तेच्या भांडवली मूल्यावर होऊ लागली. तेव्हा एखाद्याचा कर वाढला असल्यास तो कशाच्या आधारे वाढला, हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे.

दुसरी वाट शासनाच्या अनुदानाची. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या पाच वर्षांसाठी जे अनुदान ठरविले, त्यातील 80 टक्के वाटा महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी 10 टक्के जिल्हा परिषद व पंचायत समितीला असे. या रकमेपैकी 60 टक्के भाग बंधित होता. त्याचा अर्धा भाग स्वच्छतेवर आणि अर्धा पिण्याच्या पाण्यावर खर्च करावयाचा होता. उरलेला 40 टक्के भाग गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येई, मात्र पगार व आस्थापनेवर तो खर्ची घालण्यास मनाई होती. समजा, एखाद्या पंचायतीस वर्षात 10 लाख रुपये आले. त्यातील 3 लाख स्वच्छतेला, 3 लाख पाण्याला व 4 लाख इतर कामांना असा तो हिशेब होई.

अनुदानाच्या बळावर गाव चालेल, ही समजूत किती तोकडी आहे हे 2021 साली कळून आले. त्या वर्षी पथदिव्यांची व पाणीपुरवठ्याची वीजदेयके वित्त आयोगाच्या निधीतून भरावीत, अशी सूचना झाली. कित्येक पंचायतींनी ज्या कामांसाठी तो निधी योजला होता, ती कामे मागे पडली. अनुदानाला वरून अटी येतात आणि त्याची वेळही आपल्या हाती नसते. गावच्या स्वतःच्या उत्पन्नावर मात्र गावाचीच मुख्यत्यारी असते.

एका नळाचा हिशेब

आता पाणीपट्टीचा हिशेब करून पाहू. उदाहरण समजण्यापुरते आहे. प्रत्येक गावाने यात आपापले आकडे घालावेत.

समजा, गावात 400 घरे आहेत आणि वर्षाची पाणीपट्टी दरघरी 1,200 रुपये आहे. एकूण मागणी 4,80,000 रुपये झाली. खर्चात वीज 2,16,000, पाणी सोडणाऱ्याचे मानधन 96,000, ब्लीचिंग पावडर व दुरुस्ती 84,000 आणि अडीअडचणीसाठी शिल्लक 24,000 धरली, तर बेरीज 4,20,000 रुपये होते. सर्वांनी पट्टी भरल्यास 60,000 रुपये उरतात व पुढे नवा पंप घेण्याची सोय होते.

परंतु वसुली शंभरात साठच झाली, तर हाती 2,88,000 रुपये येतात. वीज व मानधन मिळूनच 3,12,000 रुपये लागतात. म्हणजे दुरुस्तीला एक रुपयाही नाही, उलट 24,000 रुपयांची बाकी अंगावर राहते. पहिल्या वर्षी ही बाकी वीजदेयकात लपते. पुढच्या वर्षी ती दुप्पट होते. तिसऱ्या वर्षी ऐन चैत्र-वैशाखात पंप जळतो आणि मग सारे गाव सरपंचांना दोष देते.

ही पट्टी जड आहे काय, तेही पाहावे. 1,200 रुपये म्हणजे दिवसाला सव्वातीन रुपयांच्या जवळपास. 2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने माणशी रोज 55 लिटर पाणी हे प्रमाण ठरविले आहे. पाच माणसांच्या घराला या प्रमाणे 275 लिटर पाणी मिळावयास पाहिजे. विकतच्या पाण्याचा एकच जार आणावयाचा म्हटले, तरी सव्वातीन रुपयांत तो येत नाही. शिवाय या योजनेत गावांतर्गत कामांच्या खर्चाचा साधारणतः दहावा हिस्सा लोकवर्गणीचा ठेवला आहे आणि योजना पूर्ण झाल्यावर ती चालविण्याचा भार गावाकडेच येतो. टाकी बांधून देणारा निघून जातो. ती भरणारा गावातच असावा लागतो.

वसुलीची वेळ ओळखावी

शेतीखात्याचा माणूस या नात्याने येथे एक सूचना करावीशी वाटते. कराचे वर्ष एप्रिलपासून सुरू होते. पण एप्रिल-मे मध्ये शेतकऱ्याच्या हाती पैसा नसतो. असलेला पैसा बियाणे व खत यांसाठी राखून ठेवलेला असतो. जून ते सप्टेंबर हा तर पदरमोडीचा काळ. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन साधारणतः दसरा-दिवाळीच्या सुमारास घरी येते, कापसाची पहिली वेचणीही त्याच सुमारास होते आणि तूर व हरभरा पुढे निघतात. तेव्हा ज्यांना शक्य आहे त्यांनी आरंभीच्या महिन्यांत कर भरून सवलतीचा लाभ घ्यावा. इतरांकडील वसुलीचा मुख्य जोर मात्र दिवाळीनंतरच्या दोन महिन्यांत ठेवावा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दारोदार फिरण्याने पावत्या थोड्या फाटतात आणि मने अधिक दुखावतात.

सोयाबीनचे पैसे हाती येताच जसे आपण सोसायटीचे देणे बाजूला काढतो, तसाच गावच्या पट्टीचा वाटाही काढून ठेवावा. गरिबास एकदम भरणे कठीण असल्यास दोन-तीन हप्त्यांत रक्कम स्वीकारावी, मात्र प्रत्येक हप्त्याची पावती त्याच वेळी द्यावी.

ग्रामसेवक बंधूंसाठी

2024 च्या निर्णयानंतर ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदे ग्रामपंचायत अधिकारी या एका नावाखाली आली. नाव बदलले तरी काम तेच आहे. पुढील गोष्टी नेटाने कराव्यात.

1. नमुना 8 ची कर आकारणी नोंदवही अद्ययावत ठेवावी. नवीन घरे नोंदली नाहीत, तर जुन्या घरांवरच भार पडतो. घराची नोंद करताना ती पतीपत्नी दोघांच्या नावे व्हावी, याकडे लक्ष द्यावे.

2. नमुना 9 वरून प्रत्येक घराचे मागणी बिल वेळेवर पोचवावे. बिलच न देता थकबाकीदार ठरविणे न्यायाचे नाही.

3. पैसे घेताच नमुना 10 ची पावती द्यावी. पावती नाही तेथे विश्वास नाही.

4. पाणीपट्टीचा हिशेब वेगळा ठेवावा. पाण्याचा पैसा पाण्यावरच खर्च होतो हे लोकांस दिसले पाहिजे.

5. स्वतःच्या उत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी 15 टक्के, महिला व बालकांसाठी 10 टक्के आणि दिव्यांगांसाठी 5 टक्के खर्च करावयाचा असतो. ही रक्कम केवळ कागदावर दाखवू नये.

6. जप्ती हा शेवटचा उपाय होय. ऐपत असून न भरणारा आणि खरोखर अडचणीतला, यांत भेद करावा. आधी ऐपतवाल्यांकडे जावे. गावात ज्यांचा शब्द चालतो त्यांचीच बाकी राहिली, तर इतरांस उपदेश करण्यात अर्थ नाही.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पाटोदा या गावाने सरपंच भास्करराव पेरे पाटील यांच्या काळात कर भरणाऱ्या कुटुंबास दळण मोफत दळून देण्याची प्रथा पाडली. ते गाव औद्योगिक परिसराजवळचे असल्याने त्याचे उत्पन्न आपल्या गावांपेक्षा अधिक, हे खरे. तथापि कर देणाऱ्यास त्याच्या रुपयाचे फळ घरात दिसले पाहिजे, हे त्यातील तत्त्व लहान गावालाही लागू पडते. 2025 साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानातही पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नावर भर दिलेला आहे.

शेतकऱ्यांचा अधिकार

पट्टी देणाऱ्याने हिशेब मागितला पाहिजे. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. एकूण मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यांतील जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती गणपूर्तीस लागते. म्हणजे थोड्या माणसांच्या हातून साऱ्या गावाचे निर्णय होऊ शकतात. जो सभेस येत नाही, त्याचा रुपया दुसरा कोणी तरी खर्च करतो. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा भरते. पाण्याची खरी झळ ज्यांना लागते त्यांनी त्या सभेत अवश्य बोलावे. पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, त्या केवळ सहीपुरत्या राहू नयेत.

ज्या ग्रामसभेचा उल्लेख आरंभी केला, तेथे त्या दिवशी दोन ठराव झाले. प्रत्येक सभेच्या आरंभी पाण्याच्या खात्याची जमा व खर्च मोठ्याने वाचून दाखवावी, हा पहिला. पंच व सदस्यांनी आपली बाकी आठ दिवसांत भरावी, हा दुसरा. सभा संपण्यापूर्वीच दोघा-तिघांनी पैसे पुढे ठेवले. पंप दुरुस्त झाला. दिवाळीनंतर मी पुन्हा त्या गावी गेलो, तेव्हा पंचायतीच्या ओट्यावर सोयाबीन विकून आलेली माणसे पावत्या घेत बसली होती. काही घरांची बाकी तेव्हाही होतीच. सर्व गाव एका वर्षात सुधारले, असे मी म्हणणार नाही. परंतु त्या बाईंच्या प्रश्नाला गावाने उत्तर देण्यास आरंभ केला होता, हे निश्चित.

बियाण्याची उगवणशक्ती तपासताना आपण शंभर दाणे मोजतो आणि त्यांतील किती उगवले ते पाहतो. गावच्या कारभाराचीही अशीच परीक्षा करावी. शंभर घरांपैकी किती घरांनी पट्टी भरली, हा आकडा येत्या ग्रामसभेत प्रत्येकाने विचारावा. आकडा कमी निघाला, तर उन्हाळ्याची वाट न पाहता त्याच सभेत उपाय ठरवावा. आणि विचारण्यास उठण्यापूर्वी आपली स्वतःची पावती खिशात आहे ना, एवढे मात्र पाहून घ्यावे.