वरच्या मजल्यावर वायफाय का पोहोचत नाही? मेशबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

भिवंडीच्या जुन्या वस्त्यांमध्ये घरं उभी वाढली. पद्मानगर, शांतीनगर, नारपोली अशा भागांत खाली यंत्रमागांचा गाळा नाहीतर दुकान आणि वर एकावर एक स्लॅब टाकून राहतं घर, ही रचना सर्रास दिसते. फायबरची वायर गल्लीतून येते आणि केबलवाला कमीत कमी वायर लागेल अशा भिंतीवर, म्हणजे बहुतेक वेळा खालच्या दाराजवळ, डब्बा लावून जातो. मग दुसऱ्या मजल्यावर मुलांचा ऑनलाइन क्लास अडकतो आणि मागच्या खोलीत ई-वे बिल काढताना पान नुसतं फिरत राहतं. तक्रार केली की दुकानदार सांगतो, ‘मेश बसवा, प्रश्न मिटेल.’

मेश ही चांगली सोय आहे. एकाच नावाच्या नेटवर्कवर दोन-तीन डबे घरभर काम वाटून घेतात, असा तिचा अर्थ. पण ती नीट बसवली नाही तर काही हजार रुपये घालूनही वरच्या मजल्याचं दुखणं तसंच राहतं. त्यामुळे खरेदीआधी काही समजुती तपासून पाहायला हव्यात.

गैरसमज : मोठा प्लॅन घेतला की घरभर नेट चांगलं चालेल.

वस्तुस्थिती : प्लॅन फक्त डब्ब्यापर्यंतचा वेग ठरवतो. डब्ब्यापासून मोबाइलपर्यंतचा प्रवास हवेतून होतो आणि तिथे प्लॅनचं काही चालत नाही. खात्री करायची तर लॅपटॉप वायरने थेट डब्ब्याला जोडून वेग मोजा, मग वरच्या खोलीत वायफायवर मोजा. डब्ब्याजवळ 100 एमबीपीएस आणि वर 6 येत असतील, तर दोष घरातल्या पोहोचीचा आहे. 300 चा प्लॅन घेतला तरी वर साधारण तेवढेच मिळतील. डब्ब्याजवळच वेग कमी असेल, तर मात्र मेशवर पैसे घालू नका, केबलवाल्याला बोलवा.

गैरसमज : जास्त अँटेना म्हणजे जास्त रेंज.

वस्तुस्थिती : राऊटरने किती शक्तीने लहरी सोडायच्या यावर कायद्याची मर्यादा आहे. भारतात 2.4 गिगाहर्ट्‌झचा पट्टा 2005 मध्ये परवानामुक्त झाला, तो 4 वॅटच्या कमाल मर्यादेसह. 5 गिगाहर्ट्‌झचे पट्टे 2018 मध्ये मोठ्या प्रमाणावर खुले झाले, त्यांनाही अशाच मर्यादा आहेत. शिवाय संवाद दुतर्फी असतो. राऊटरचा आवाज मोबाइलपर्यंत आला, तरी मोबाइलच्या छोट्या अँटेनाचं उत्तर राऊटरपर्यंत परत पोहोचावं लागतं. रेंजच्या काड्या दिसतात पण पान उघडत नाही, त्यामागे अनेकदा हेच कारण असतं.

उभ्या घरात आणखी एक गोष्ट आड येते. सरळ उभी केलेली अँटेना लहरी मुख्यतः आडव्या दिशेने पसरवते, टोकाच्या वर आणि खाली त्या सर्वांत क्षीण असतात. म्हणजे राऊटरच्या बरोबर डोक्यावरची खोली स्लॅबमुळे तर वंचित राहतेच, अँटेनाच्या स्वभावामुळेही राहते.

गैरसमज : भिंत काय नि स्लॅब काय, सारखंच.

वस्तुस्थिती : साडेचार इंची विटांची भिंत लहरींना थोडं अडवते, नऊ इंची जास्त. पण आरसीसी स्लॅब म्हणजे काँक्रीट आणि आत सळ्यांची जाळी. सिग्नल डेसिबलमध्ये मोजतात. 3 डेसिबल घटले की शक्ती निम्मी, 10 घटले की दहावा हिस्सा, 20 घटले की शंभरावा. एक स्लॅब 5 गिगाहर्ट्‌झच्या लहरींची 20 डेसिबलच्या आसपास शक्ती सहज खाऊ शकतो, दोन स्लॅब म्हणजे जवळपास काहीच उरत नाही. 2.4 गिगाहर्ट्‌झ जरा चिवट असतो, पण त्याचा वेग कमी. लोखंडी कपाट, पत्र्याचं छप्पर, आरसा आणि पाण्याची भरलेली टाकी हेही मोठे अडथळे आहेत. राऊटर कपाटामागे किंवा टीव्हीच्या पाठीशी लपवला असेल, तर तो उघड्यावर, छातीच्या उंचीला आणा. कित्येक घरांत एवढ्याने फरक पडतो आणि एक रुपयाही लागत नाही.

गैरसमज : यंत्रमाग सुरू झाले की वायफाय बिघडतं.

वस्तुस्थिती : मागांच्या मोटारींमधून विद्युत गोंगाट निघतो, पण तो वायफायच्या लहरींपेक्षा फारच खालच्या कंपनसंख्यांमध्ये असतो. 2.4 गिगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला 240 कोटी कंपनं, तिथवर मोटारीचा गोंगाट सहसा पोहोचत नाही. मागांचा त्रास त्यांच्या लोखंडामुळे होतो, ओळीने उभे सांगाडे लहरी अडवतात आणि परतवतात. घरात 2.4 गिगाहर्ट्‌झला खरोखर त्रास देणारं यंत्र म्हणजे मायक्रोवेव्ह ओव्हन, तो त्याच पट्ट्यात चालतो.

मात्र मोटारींचा गोंगाट एका ठिकाणी नक्की नडतो. घराच्या विजेच्या वायरिंगमधूनच नेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर मिळतात. ते काही मेगाहर्ट्‌झपासून पुढच्या लहरी वापरतात आणि मोटारींचा गोंगाट तिथे जाणवतो. खाली माग चालत असतील आणि वायरिंग एकच असेल, तर या अडॅप्टरच्या वाटेला न गेलेलं बरं.

गैरसमज : जिथे रेंज नाही तिथे मेशचा डब्बा ठेवायचा.

वस्तुस्थिती : सर्वाधिक चुका इथेच होतात. दुसऱ्या डब्ब्यालाही नेट पहिल्याकडूनच मिळतं. जिथे सिग्नल पोहोचतच नाही तिथे तो ठेवला, तर मोबाइलवर पूर्ण काड्या दिसतील, पण आतून नेट रखडेल. जागा अधेमधे हवी. अँड्रॉइड मोबाइलवर वायफायची ताकद दाखवणारी मोफत ॲप्स असतात. फक्त पहिला डब्बा चालू ठेवून जिन्याने वर जा आणि आकडा पाहत राहा. तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे 60 ते 65 च्या दरम्यान जी जागा येईल, ती दुसऱ्या डब्ब्याची. उणे 75 च्या खाली गेलात तर पुढे गेलात. आपल्याकडच्या उभ्या घरांत ही जागा बहुधा जिन्याच्या चौकात निघते, कारण तिथे स्लॅबला मोकळं तोंड असतं.

गैरसमज : मेश वायरलेस असते, मग वायर कशाला?

वस्तुस्थिती : मेशचा वेग ठरतो दोन डब्ब्यांमधल्या दुव्यावर. साध्या दोन पट्ट्यांच्या मेशमध्ये दुसरा डब्बा ज्या पट्ट्यावर पहिल्याशी बोलतो, त्याच पट्ट्यावर मोबाइललाही सेवा देतो. गोदामाला एकच दार असेल, तर माल आत घेताना बाहेर काढता येत नाही, तसं होतं. वेग निम्म्यावर येतो आणि तिसरा डब्बा दुसऱ्याच्या मागे लावला तर आणखी घटतो. सिग्नल नुसता पुढे पाठवणारा साधा रिपीटर रखडतो तोही याच कारणाने. तीन पट्ट्यांची मेश एक पट्टा आपसातल्या बोलण्यासाठी राखून ठेवू शकते, म्हणून ती महाग असते.

सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे खालून वर एक कॅट 6 वायर. ती 100 मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट वाहून नेते आणि स्लॅबची तिला पर्वा नसते. जिन्याच्या कडेने पट्टीत किंवा डक्टमधून ती नेता येते. वायर पूर्ण तांब्याचीच मागा, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त वायर नको. टोकाला आठही तारा नीट क्रिम्प झाल्यात का, हे वायरमनसमोर तपासा. गिगाबिटला आठही तारा लागतात. एक जरी सुटली तर जोडणी अनेकदा गुपचूप 100 एमबीपीएसवर उतरते आणि दोष मेशच्या माथी जातो.

गैरसमज : जितके डबे जास्त, तितकं चांगलं.

वस्तुस्थिती : 2.4 गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल जेमतेम तीन : 1, 6 आणि 11. खेटून घरं असलेल्या गल्लीत शेजाऱ्यांचे राऊटर आधीच त्यात दाटी करून असतात. गरजेपेक्षा जास्त डबे ती दाटी वाढवतात. दोन-तीन खोल्यांच्या एकमजली घराला एक चांगला राऊटर मध्यावर पुरतो. प्रत्येक मजल्याला एक डब्बा, हा उभ्या घरासाठी पुरेसा हिशोब.

गैरसमज : मोबाइल आपोआप जवळच्या डब्ब्याला जातो. कुठल्याही कंपनीचे डबे जोडता येतात.

वस्तुस्थिती : डब्बा बदलायचा निर्णय शेवटी मोबाइल घेतो, मेश फक्त सुचवते. जुना मोबाइल खालच्या डब्ब्याला चिकटून वर येतो, तेव्हा वायफाय बंद करून पुन्हा चालू केलं की काम होतं. आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे सहसा एकत्र नांदत नाहीत. वायफाय अलायन्सने 2018 मध्ये ‘ईझीमेश’ हे सामाईक प्रमाणपत्र आणलं, पण ते सगळ्या उपकरणांवर नसतं. एकाच कंपनीचा संच घेणं सोपं. केबलवाल्याचा डब्बा राऊटरचंही काम करत असेल, तर त्याचं वायफाय बंद करून नवा संच ॲक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे फक्त वायफाय पुरवण्याच्या कामावर टाका. नाहीतर एकामागे एक दोन राऊटर होतात आणि सीसीटीव्ही किंवा गेम अडखळतात.

गैरसमज : घरात तीन डबे म्हणजे धोकादायक रेडिएशन.

वस्तुस्थिती : वायफायच्या लहरी अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवणाऱ्या जातीच्या नाहीत, त्या बाबतीत त्या एक्स-रेपेक्षा अगदी वेगळ्या. घरगुती राऊटरची शक्ती साधारण एका वॅटच्या आसपास किंवा त्याहून कमी असते आणि अंतर दुप्पट झालं की तिची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2011 मध्ये रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवलं, कारण उपलब्ध पुरावा मर्यादित होता. त्या चर्चेचा भर कानाला लावलेल्या मोबाइलवर होता. डब्बा उशाशी न ठेवता दोन-तीन मीटरवर ठेवला की पुरे.

म्हणून क्रम असा धरा : आधी मोजा, मग डब्बा हलवा, मग वायर टाका आणि शेवटी डबे विकत घ्या. वीज गेल्यावर नेट हवं असेल, तर प्रत्येक डब्बा इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, खालचा एक बंद पडला की वरचे सगळे मुके होतात.

आणि घर नव्याने बांधत असाल किंवा वर मजला चढवत असाल, तर स्लॅब भरण्याआधी ठेकेदाराला प्रत्येक मजल्यावर एक रिकामा पाइप सोडायला सांगा, विजेच्या पाइपापासून वेगळा. त्या वेळी त्याचा खर्च अगदी किरकोळ असतो. स्लॅब पडल्यावर तेच काम करायला ड्रिल, धूळ आणि भांडण लागतं. वरच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलीला आणि मागच्या खोलीत हिशोब करणाऱ्या माणसाला सारखंच नेट मिळायचं असेल, तर तो पाइप आराखड्यातच काढून घ्या.