भिंतीवरचा थर, संगणकातला थर

छायाचित्रावर थर चढवण्याची कला शिकणाऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या विद्यार्थ्याने अजिंठा अवश्य पाहावा. तिथल्या चित्रांच्या जतनासाठी निजाम सरकारने 1920 च्या सुमारास इटालियन तज्ज्ञ आणले. सुटणारे रंग त्यांनी वाचवले खरे. पण वर दिलेले लाखेचे व्हार्निश पुढे पिवळे पडले आणि ते काढणे महाकठीण ठरले.

नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी भिंतीला हातच लावला नाही. लेण्यातल्या मंद उजेडात टिपलेल्या छायाचित्रांत त्यांनी हरवलेल्या रेषा व रंग संगणकावर भरले. असा थर चुकला तर पुसता येतो. मात्र मूळ किती आणि भर किती, हे पाहणाऱ्याला कळायलाच हवे.

वेरूळच्या इंद्रसभेत, जैन लेण्याच्या छतावर, असेच विरळ रंग उरले आहेत. शहरापासून जेमतेम 30 किलोमीटरवर.