प्रपंच, पाचारण आणि शेजारी : ल्यूथरपंथीय ख्रिस्ती लोकांचा एक विचार

आपल्या न्यासाच्या ह्या महोत्सवी स्मरणिकेत निरनिराळ्या धर्मांतील सेवाविचारावर काही लेख असावेत असे संपादक मंडळाने ठरविले, आणि ख्रिस्ती धर्माचा विषय माझ्या वाट्याला आला. मी मुसलमान, पेशाने शिक्षक. ख्रिस्ती धर्मशास्त्रावर अधिकारवाणीने बोलावे अशी माझी योग्यता नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. पण बी.एड.च्या वर्षी पांढुर्ण्याकडील एक ल्यूथरपंथीय गृहस्थ माझे खोलीसोबती होते, आणि पुढे काही वर्षे आम्ही एकाच शाळेत शिकविले. मातृभाषा दोघांचीही मराठी. त्यांची वऱ्हाडी वळणाची, माझी माळव्यातली, हिंदी मिसळलेली. त्यांच्याकडून जे ऐकले, आणि त्या ऐकण्यामुळे पुढे जे वाचले, त्यातील एकच गोष्ट येथे मांडतो. धर्म रोजच्या कामात कसा जगावा, ह्याविषयी ह्या पंथाचे म्हणणे काय, ही ती गोष्ट.

उज्जैनीतील वाचकांस ख्रिस्ती म्हटले की दोन प्रकारचे लोक आठवतात : एक रोमन कॅथलिक, आणि दुसरे जुन्या कॅनेडियन मिशनच्या परंपरेतले प्रॉटेस्टंट. कॅनडाचे हे प्रेस्बिटेरियन मिशन १८७७ साली इंदूर-महू भागात आले व मागाहून उज्जैनीतही त्याचे काम सुरू झाले. नेमक्या त्याच साली स्वीडनमधील एक ल्यूथरपंथीय मिशन मध्यप्रांतात उतरले. गोंड लोकांत काम करावे, हा त्यांचा मूळ हेतू. त्यांची मंडळी छिंदवाडा, बैतूल, सागर ह्या भागांत वाढली. आज तिचे नाव मध्यप्रदेशातील इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च असे असून मुख्य कचेरी छिंदवाड्यास आहे. १९७० साली उत्तरेतील कित्येक प्रॉटेस्टंट पंथांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केले, तेव्हा ही मंडळी त्यात गेली नाही. मुलताई, सौंसर, पांढुर्णा हा मराठी बोलणारा पट्टा ह्याच मुलखातला. १९५६ पर्यंत त्याची राजधानी नागपूर होती. (पांढुर्णा २०२३ पासून निराळा जिल्हा झाला आहे.)

आता मूळ पुरुषाकडे वळू. मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) हा जर्मनीतील खाणीच्या धंद्यातल्या बापाचा मुलगा. पोराने वकील व्हावे असे बापाच्या मनात. पोरगा १५०५ साली मठात जाऊन संन्यासी झाला. पुढे १५१७ साली त्याने पापक्षमेच्या दाखल्यांच्या विक्रीविरुद्ध विटेनबर्ग येथे ९५ प्रमेये मांडली. एवढा भाग शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात असतो आणि मुले तो पाठ करतात. त्याच्या विचाराचा प्रपंचाशी असलेला संबंध मात्र पुस्तकात येत नाही, आणि माझ्या मते खरा फरक त्यानेच पडला.

त्या काळी युरोपात ईश्वराने 'बोलाविलेले' लोक म्हणजे पाद्री, मठवासी आणि संन्यासिनी. शेतकरी, लोहार, सुईण, चार पोरांची आई, ही सगळी दुय्यम प्रतीची माणसे. ह्यांनी आपला संसार करावा आणि वरच्या प्रतीच्या लोकांच्या प्रार्थनांवर तरून जावे. ल्यूथरने ही उतरंड मोडली. त्याचे म्हणणे असे की ईश्वराचे बोलावणे प्रत्येकाला आहे, आणि ते मठाच्या दारात येत नाही. जेथे तुम्ही उभे आहात तेथेच येते. बाप असाल तर बाप म्हणून, मोलकरीण असाल तर मोलकरीण म्हणून, न्यायाधीश असाल तर न्यायाधीश म्हणून. जर्मन भाषेत 'बेरुफ' असा एक शब्द आहे. ईश्वराचे बोलावणे आणि माणसाचा रोजचा पेशा, असे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात आले ते ल्यूथरच्या बायबल-भाषांतरापासून. मराठी बायबलात त्या बोलावण्याला 'पाचारण' म्हटले आहे. आपल्याकडचे हिंदी ख्रिस्ती 'बुलाहट' म्हणतात. पेशा आणि पाचारण हे शब्द मराठीत एक झाले नाहीत, पण माझे मित्र बोलण्याच्या भरात दोहोंची सहज अदलाबदल करीत.

१५२२ साली ल्यूथरने विवाहावर एक पुस्तिका लिहिली. तीत त्याने असे मांडले आहे की बाप आपल्या तान्ह्या मुलाची दुपटी धुवू लागला तर लोक त्याला बायकी म्हणून हसतील, पण तेच काम तो श्रद्धेने करीत असेल तर ईश्वर आणि सारे देवदूत प्रसन्न होऊन त्याच्याकडे पाहतील. हे लिहिणारा तेव्हा अविवाहित होता, हे लक्षात घेतले म्हणजे मौज वाटते. तीन वर्षांनी त्याने काटरीना फॉन बोरा नावाच्या, मठ सोडून आलेल्या संन्यासिनीशी लग्न केले. ज्या मठात तो राहत असे तेथेच दोघांचा संसार थाटला गेला. ही बाई गुरे राखी, बिअर गाळी, जेवणाखाण्यासह विद्यार्थी ठेवी, आणि नवऱ्याच्या हाती पैसा टिकत नसे म्हणून हिशेबही तीच पाही.

येथे वाचक मला विचारतील की, मास्टर, हा मनुष्य तुमच्या धर्माविषयी काय म्हणत होता? फार कडू म्हणत होता. तुर्कांच्या स्वाऱ्या व्हिएन्नापर्यंत पोचल्या होत्या, तो काळ. बाझेलच्या नगरसभेने कुराणाच्या लॅटिन भाषांतराची छपाई अडविली, तेव्हा १५४२ साली ते छापू द्यावे म्हणून ल्यूथरनेच आग्रह धरला आणि १५४३ च्या आवृत्तीला त्याची प्रस्तावनाही आहे. पण हेतू खंडनाचा. तुर्कांची प्रार्थनेतील शिस्त आणि साधी राहणी त्याने मोकळेपणी मान्य केली, तीही बव्हंशी पोपच्या लोकांना खिजविण्यासाठी. यहुद्यांविषयी त्याने १५४३ साली लिहिले ते तर इतके विषारी की पुढे अनेक ल्यूथरन मंडळ्यांनी ते जाहीरपणे नाकारले. पण एक मुद्दा येथे आपल्या विषयाला लागू पडतो. तुर्कांशी लढाई ख्रिस्ताच्या नावाने, धर्मयुद्ध म्हणून करू नये, असे त्याने १५२९ साली निक्षून सांगितले. लढणे हे राजाचे काम. त्याने ते प्रजेच्या रक्षणासाठी करावे, पोपने त्यात पडू नये. ज्याचे पाचारण त्याने सांभाळावे, हा नियम त्याने येथेही सोडला नाही.

त्याच १५२९ साली त्याने घरातल्या मुलामाणसांसाठी एक लहानशी प्रश्नोत्तरावली लिहिली. आजही जगभर ल्यूथरन मुलांना ती शिकवितात. चोरी करू नये, ही आज्ञा घ्या. प्रश्नोत्तरावली सांगते की नुसते न चोरल्याने ती पाळली जात नाही. शेजाऱ्याची मिळकत आणि धंदा सुधारावा म्हणून त्याला मदत केली पाहिजे. खोटी साक्ष देऊ नये, ह्याचा अर्थ असा की दुसऱ्याविषयी बोलताना त्याच्या कृतीचा होईल तितका चांगला अर्थ लावावा. (ही एक आज्ञा आमच्या शिक्षक-कक्षात पाळली गेली तर तेथे बराच वेळ शांतता राहील.) रोजच्या भाकरीच्या प्रार्थनेत अन्नाबरोबर जोडे, घर, गुरे, चांगले सरकार, चांगला पाऊसपाणी आणि चांगले शेजारी हे सर्व मोजले आहे. सकाळची प्रार्थना सांगून झाल्यावर ल्यूथर म्हणतो, आता आनंदाने कामाला लागा. आणि रात्रीची झाल्यावर, लगेच झोपा. मला हे वाचून जुम्याची आठवण झाली. कुराणातही शुक्रवारच्या नमाजानंतर पृथ्वीवर पांगून ईश्वराच्या कृपेतून आपला वाटा शोधा, असाच आदेश आहे.

इथवर आमचे जुळते. पुढे मात्र एक वळण आहे, आणि मला ते समजण्यास वेळ लागला. आम्ही मुसलमान सवाब म्हणतो, हिंदू बांधव पुण्य म्हणतात. दोन्हींकडे सत्कर्माची नोंद कर्त्याच्या नावावर होते. ल्यूथरच्या मते माणसाचे तारण केवळ ईश्वरी कृपेने, श्रद्धेच्या योगे होते. कर्मांनी ते विकत घेता येत नाही. तर मग सत्कर्मे करायची कशाला? त्याचे उत्तर असे की ईश्वराला त्यांची गरज नाही, शेजाऱ्याला आहे. गुस्ताफ विंग्रेन नावाच्या स्वीडिश पंडिताने १९४२ साली ल्यूथरच्या पाचारण-विचारावर ग्रंथ लिहिला, त्याचा गाभाच हा आहे : श्रद्धा वर ईश्वराकडे जाते आणि कर्म आडवे, शेजाऱ्याकडे. कर्माचा उपयोग वर चढण्याची शिडी म्हणून करू लागलो की शेजारी नुसता पायरी होतो.

आपण धर्मादायाचे काम करणारी माणसे. गरीब विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती दिली आणि त्याचे नाव दुसऱ्या वर्षी आपल्याला आठवले नाही, पण पावती कोणत्या कपाटात आहे ते आठवले, असे माझ्या हातून घडले आहे. सवाबावरची माझी श्रद्धा ह्या वाचनाने गेली नाही. ती जाणारही नाही. आमच्याकडे कर्माचे मोल नियतीवर, म्हणजे मनातल्या हेतूवर ठरते, आणि तेथे ह्या विचाराशी बोलणे होऊ शकते. पण आमच्या हेतूची परीक्षा कशी करावी, ह्याचे एक सोपे माप मला ल्यूथरकडून मिळाले. समोरच्याला खरोखर काय लागत होते, हे मी विचारले होते काय?

माझ्या मित्रांची एक हकीकत सांगतो. शाळेचे नाव सांगत नाही. अंतिम परीक्षेत गणिताच्या पेपराला सात मुले नक्कल करताना सापडली. पर्यवेक्षक माझे मित्र होते. निकाल घसरू नये म्हणून वरून सूचना आली की गवगवा करू नका. त्यांनी नियमाप्रमाणे सातही उत्तरपत्रिकांवर शेरा मारला. त्यापायी त्यांना पुष्कळ बोलून घ्यावे लागले. हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते असे की दुसऱ्या आठवड्यापासून, ऐन उन्हाळ्यात, सकाळी सहाला ते त्या सातांना आपल्या घरी बोलावून अपूर्णांकांपासून गणित शिकवू लागले. पैसे घेतले नाहीत. प्रार्थना, बायबल काहीही नाही. त्या मुलांतली चार आमच्या मोहल्ल्याची होती म्हणूनच मला कळले. मी विचारले, तेव्हा म्हणाले, "शेखसाहेब, नक्कल पकडणं हे पर्यवेक्षकाचं काम, ते केलं. पण मी त्यांचा गणिताचा मास्तरही आहे ना? त्यांना गणित येत नाही, हा दोष कुणाचा?" मी म्हटले, "हे तुम्ही येशूसाठी करता काय?" ते हसून म्हणाले, "नाही हो, पोरांसाठी करतो. त्याला काय कमी आहे?"

त्या दिवसांत मी शाळेच्या प्रार्थनासभेत एक गोष्ट सांगत असे. ख्रिस्ती चांभाराने जोड्यांवर क्रूस काढीत बसू नये, चांगले जोडे शिवावेत, असे ल्यूथर म्हणाला, ही ती गोष्ट. दोन वर्षे सांगितल्यावर कळले की हे वचन त्याच्या लेखनात कोठेच सापडत नाही. कोणीतरी मागाहून त्याच्या नावावर घातले आहे. विचार त्याचाच आहे, शब्द नाहीत. विद्यार्थ्यांपुढे दुरुस्ती करावी लागली.

मराठी माणसाला हे सारे ऐकताना सावता माळी आठवेल. मळ्यातल्या भाजीत विठ्ठल पाहणारा सावता, चिखल तुडविणारा गोरा कुंभार, हजामतीचे काम करणारा सेना. आणि ज्यांच्या मराठी रचना आम्ही अभिमानाने सांगतो ते श्रीगोंद्याचे शेख महंमद. प्रपंच न सोडता परमार्थ, ही शिकवण आपल्याकडे ल्यूथरच्या आधीची आहे. फरक एवढाच की संताला कामात देव भेटतो, आणि ल्यूथरपंथीयाला कामात शेजारी भेटतो. देव त्याच्या मागे उभा असतो.

पण ह्याच ठिकाणी एक खड्डाही आहे, आणि तो दाखविला नाही तर लेख लबाडीचा होईल. जेथे आहेस तेथेच तुझे पाचारण, असे म्हटल्यावर मोट ओढणाऱ्याने जन्मभर मोटच ओढावी काय? १५२५ साली जर्मन शेतकऱ्यांनी जमीनदारांविरुद्ध बंड केले. ल्यूथरने प्रथम जमीनदारांना दोष दिला, पण बंड पसरताच शेतकऱ्यांना निर्दयपणे चिरडा, असे लिहिले. आणि ते चिरडले गेले. भारतात पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी ल्यूथरपंथीयच. झीगेनबाल्ग आणि प्लुत्शाऊ १७०६ साली तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीस उतरले. तेथील मंदिरात निरनिराळ्या जातींचे ख्रिस्ती वेगवेगळे बसत, आणि एकोणिसाव्या शतकातही लाइपझिगच्या ल्यूथरन मिशनने जातिभेदाबाबत सौम्य धोरण ठेवले. आपल्या शेजारी महूस १८९१ साली जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या आपल्या निबंधात जातीविरुद्ध जो मुद्दा मांडला तो येथे आठवतो : ही नुसती कामांची वाटणी नव्हे, काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडणारी वाटणी आहे.

माझ्या मित्रांना मी हे विचारले. त्यांचे आजोबा दुसऱ्याच्या शेतावर राबणारे. ते म्हणाले की ल्यूथरने स्वतः बापाने नेमलेली वकिली सोडली, मठाची शपथही सोडली. तेव्हा पाचारण जन्माने मिळते असे त्याच्या आयुष्यावरून तरी निघत नाही. आजोबांनी त्यांच्या वडिलांना मिशनच्या शाळेत घातले, ते बापाचे पाचारण म्हणूनच. ल्यूथरनेही १५२४ साली नगरपालांना पत्र लिहून मुलामुलींच्या शाळा काढा असे बजावले होते, आणि १५३० साली असेही लिहिले की धर्मोपदेश सोडावा लागला तर शाळामास्तरकीइतके दुसरे काही मला आवडणार नाही. हे उत्तर मला पूर्ण पटले असे नाही. शेतकऱ्यांच्या बाबतीत ल्यूथर चुकला, असे मी म्हणालो. त्यांनीही ते नाकारले नाही.

मागे बैतूलहून इटारसीकडे जाताना त्यांनी मला वाटेवरचे पाढर दाखविले. तेथे ह्या ल्यूथरन मंडळीचे रुग्णालय आहे. डॉ. क्लेमंट मॉस ह्यांनी ते १९५८ साली स्थापन केले, आणि भोवतालच्या गोंड-कोरकू खेड्यांतले रोगी तेथे येतात. २०१२ च्या जूनमध्ये येथे शरीराने जोडलेल्या दोन जुळ्या बहिणींना शस्त्रक्रियेने वेगळे करण्यात आले. देशापरदेशांतून शल्यविशारद आले होते. काम सुमारे बारा तास चालले. एक मुलगी पुढच्याच महिन्यात वारली, दुसरी वाचली. वर्तमानपत्रांत त्या बारा तासांविषयी पुष्कळ छापून आले. मुलींचा जन्म त्याच रुग्णालयात २०११ च्या जुलैत झाला होता, आणि आईबाप गरिबीमुळे त्यांना सांभाळू शकत नव्हते. शस्त्रक्रियेपूर्वीचे ते जवळजवळ एक वर्ष तेथील परिचारिकांनी त्या दोघींना भरविले, झोपविले आणि त्यांची दुपटी बदलली.