वर सहा रापेन

विम्याच्या दाव्यांसाठी आग लागलेल्या गोदामांचा सर्व्हे करण्यातच माझी सारी नोकरी सरली. त्यामुळे युद्धाचं पुस्तक उघडलं तरी मी आधी विचारतो, भरपाई कोणी दिली?

१ एप्रिल १९४४. अमेरिकेची लिबरेटर विमानं जर्मनीतल्या लुडविग्जहाफेनचे रासायनिक कारखाने उडवायला निघाली. हवामान खराब, वाट चुकली आणि बॉम्ब पडले दोनशेहून अधिक किलोमीटर दूरच्या शाफहाउझेनवर. हे गाव तटस्थ स्वित्झर्लंडचं, पण ऱ्हाइनच्या उत्तरेला, जर्मनीच्या कुशीत शिरलेलं. सुमारे ४० माणसं गेली. भोंगा वाजला होता, पण तो नेहमीच वाजायचा. बरेच जण तळघरात उतरलेच नाहीत. संग्रहालयात सोळाव्या शतकातल्या टोबियास श्टिमरची चित्रं जळाली. त्यांची किंमत ठरवायला मला सांगितलं असतं, तर मी रजा टाकली असती.

अमेरिकेनं दिलगिरी व्यक्त केली आणि चौकशी संपायची वाट न पाहता दहा लाख डॉलर देऊ केले. ऑक्टोबरपर्यंत चाळीस लाख झाले. आमच्याकडे याला ‘ऑन अकाउंट पेमेंट’ म्हणतात. ते वेळेवर मिळालं की दावेदार निदान बोलायला तरी बसतो.

विमानं मात्र चुकतच राहिली. ४ मार्च १९४५ ला तर बाझेल आणि झुरिक, दोन्हींवर एकाच दिवशी बॉम्ब पडले. तेव्हा अमेरिकेच्या हवाई मोहिमेचे प्रमुख जनरल स्पाट्झ गुपचूप स्वित्झर्लंडला जाऊन माफी मागून आले आणि सीमेजवळच्या हल्ल्यांचे नियम आवळले गेले. झुरिकबद्दल लष्करी खटलाही चालला. न्यायासनावर होते कर्नल जेम्स स्ट्यूअर्ट, हॉलिवूडचे नट आणि स्वतः लिबरेटरचे वैमानिक! आरोपी सुटले. अनेकांना हे खटकतं, मला नाही. नुकसान भरून देणं देशाचं काम. गुन्हा सिद्ध होणं ही वेगळी फाइल.

शेवटचा करार ऑक्टोबर १९४९ चा. युद्धकाळातल्या अशा सगळ्या नुकसानीपोटी ६,२१,७६,४३३ फ्रँक आणि वर सहा रापेन, म्हणजे आपल्या भाषेत सहा पैसे. मेहरबानीची रक्कम गोल असते. हा आकडा पाहून मला वाटतं, कुणीतरी कौलं, खिडक्या, दवाखान्याची बिलं एकेक करून मांडली असणार. आणि सोबत आमच्या ओळखीची अट होतीच: पूर्ण आणि अंतिम. या खात्यावर अमेरिकेकडे आता आणखी काही मागता येणार नव्हतं.